कुठल्या खेळाला कोणता सोडा

मालवण
२५ नोव्हेंबर १९५६

प्रिय भाई,

पाऊस संपला आणि भिकाजीशेठचा सिनेमाचा तंबू पुन्हा मैदानात उभा राहिला. या खेपेला तंबूबाहेर सोडा विकायचं काम त्यांनी मला दिलं आहे. माय आधी नको म्हणत होती. मग म्हणाली, घरात बसून तरी काय करतेस, जा. दुपारी बाजारातून गोटीच्या बाटल्या आणते, ओल्या वाळूत पुरते आणि वर भिजवलेलं गोणपाट टाकते. बर्फाचं नाव इथे काढायचं नाही, हे तुला ठाऊक आहेच.

लोक माझ्याकडे येतील का, अशी शेठना शंका होती. आपण ख्रिस्ती म्हणून आपल्या हातचं पाणी जी माणसं घेत नाहीत, ती सोडा मात्र खुशाल घेतात. बाटलीच्या तोंडाशी काचेची गोटी असते, आत कोणाचा हात गेलेला नसतो. सरबत केलं तर ते तसंच उरतं आणि सोडा संपतो. मला याचा राग येत नाही. खरं सांगायचं तर हल्ली मला कशाचंच फारसं काही वाटत नाही.

येत्या मार्चला सहा वर्षं होतील. इनास मोंबासा बंदरात बोटीवरून उतरला आणि परत चढला नाही, एवढं कंपनीनं कळवलं, त्यानंतर एक ओळ नाही. मला तो नवरा, पण मायचा एकुलता एक मुलगा. ती रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन तेर्स म्हणते तेव्हा आधी प्रवासाला गेलेल्यांसाठी प्रार्थना करते आणि मग मेलेल्यांसाठी. इनासला कुठे धरायचं हे तिला समजत नाही, म्हणून ती त्याचं नाव दोन्हीकडे घेते. मी शेजारी बसून आमेन म्हणते.

तू बोटीच्या बारवर आहेस. मागे सांगत होतास की डेकवर सिनेमा दाखवतात तेव्हा खेळ कसला आहे ते बघून कोणती बाटली पुढे ठेवायची हे तू आधीच ठरवतोस आणि तुझा अंदाज चुकत नाही. ते मला नीट लिहून पाठव. इथे दारूबंदी, माझ्याकडे नुसता सोडा, पण काहीतरी उपयोग होईल.

तुझी बहीण,
रोझा


धोबीतलाव, मुंबई
१० जानेवारी १९५७

प्रिय रोझा,

बोट लागली, गाववाल्यांच्या कुडीवर राहायला आलो आणि तुझं पत्र हातात पडलं. खोलीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. आमची रोझा धंद्यात पडली म्हटल्यावर सगळे खूश झाले.

आता लक्ष देऊन वाच, हे ज्ञान फुकट मिळत नाही. घरातला रडका खेळ असला की पोर्ट वाइन. गोड आणि जड असते, रडणाऱ्याला वाटतं आपण औषधच घेतोय. हाणामारीचा खेळ असला की रम, कारण नायकानं ठोसा मारला की बघणाऱ्यालाही घशात काहीतरी जाळायचं असतं. विनोदी खेळाला बिअर. हसणारा माणूस काय पितो आणि किती पितो इकडे बघतच नाही. प्रेमाच्या खेळाला थंड पांढरी वाइन द्यायची, तिचे अर्धे पेले तसेच परत येतात. खुनाच्या खेळाला छोट्या पेल्यात ब्रँडी, घाबरलेल्या माणसाला हातात धरायला काहीतरी लागतं.

पण यातली मेख वेगळीच आहे. एकदा लढाईच्या खेळाला मी शॅम्पेन काढली. शेवटी आपली बाजू जिंकते, मग आनंद साजरा करा, असा माझा हिशेब. पहिल्या रांगेत एक म्हातारी मडम होती, तिचा मुलगा लढाईत गेलेला. बाटलीचं बूच उडाल्याचा आवाज झाला आणि ती उठून केबिनमध्ये गेली ती मोंबासा येईपर्यंत बाहेर आली नाही. तेव्हापासून मी आधी कोण आलंय ते बघतो, मग खेळ, मग बाटली.

तू रडक्याला रासबेरीचा लाल गोड सोडा ठेव. हाणामारीला आल्याचा. हसऱ्याला लिंबू. चालतंय का ते कळव.

इनासबद्दल नवीन काही नाही. मायला माझा नमस्कार सांग.

तुझा भाई,
पेद्रू


मालवण
३ मार्च १९५७

प्रिय भाई,

तुझं आल्याच्या सोड्याचं बरोबर निघालं. बाकी सगळं उलटं.

रडक्या खेळाच्या दिवशी तू सांगितल्याप्रमाणे लाल सोड्याच्या चाळीस बाटल्या आणल्या. सहा खपल्या. बायका डोळे पुसत बाहेर आल्या आणि लिंबू-मीठ मागू लागल्या. आपल्याकडे रडून आलेल्या बाईला गोड दिलं तर तिला वाटतं आपली समजूत काढताहेत. तिला आंबट-खारट हवं. गोड सोडा हसऱ्या खेळाला जातो, पोरांसकट सगळे मागतात. देवादिकांच्या खेळाला मध्यंतरात कोणी फिरकतच नाही. देवासमोर ढेकर कसा द्यायचा? आरती होऊन खेळ संपला की मात्र सगळे एकदम तुटून पडतात.

कुठला खेळ येणार ते मला बाबुश आदल्या दिवशी सांगून जातो. तो वेंगुर्ल्याचा, तंबूतलं मशीन आणि इंजिन तोच चालवतो. चांगला माणूस आहे, कमी बोलतो. मी त्याला फक्त विचारते, रडको की हसरो. तो एका शब्दात सांगतो आणि मी बाटल्या आणायला जाते.

खेळ सुरू झाला की मी आत पडद्याच्या मागे बसते. तिथून चित्र उलटं दिसतं, सगळे नायक डावखुरे. एका बाईनं मला विचारलं, रोज बघतेस, तुला रडू येत नाही? मी म्हटलं, नाही येत. ती जरा घाबरली.

मे महिन्यात दरवर्षीप्रमाणे कोकमाची सोलं वाळवून तुला पाठवते. बोटीवरच्या जेवणानं तुझं पोट बिघडतं म्हणतोस, म्हणून या खेपेला दोन शेर जास्त.

तुझी,
रोझा


मुंबई
१८ ऑगस्ट १९५७

प्रिय रोझा,

सोलं मिळाली. लगोलग दोन फेऱ्या झाल्या, त्यात लिहायला उशीर झाला.

तुझ्यासाठी एक नवीन शोध आणला आहे. मोंबासाला एक सिनेमाघर आहे, आपलीच माणसं जास्त जातात. तिथे हाणामारीच्या खेळाला काय देतात ऐक. पेल्यात सोलांचा दाट कोळ घ्यायचा, वर आल्याचा सोडा ओतायचा आणि एक हिरवी मिरची अंगठ्यानं चेचून आत टाकायची. मिरची देठासकट, बरं का. पहिल्या घोटाला कानातून वाफ निघते, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी, तिसऱ्याला माणूस स्वतःच पडद्यावर उडी मारायला तयार होतो. मी आयुष्यभर दारू ओतली, पण खेळाला इतकं चपखल बसलेलं पेय पाहिलं नव्हतं. माझी रम त्याच्यापुढे पाणी आहे.

पेला फक्त तू भरायचा, एवढी अडचण आहे. घेणारे घेतील. करून बघ आणि कळव.

तुझा,
पेद्रू


मालवण
६ ऑक्टोबर १९५७

प्रिय भाई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं.

मोंबासाला रातांब्याचं, कोकमाचं झाड नाही. तिथे सोलं पोचतात ती कोणीतरी नेली म्हणून. आणि देठासकट मिरची अंगठ्यानं चेचून सोड्यात टाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं तसं करून मला दिलं होतं आणि मला ठसका लागला म्हणून हसला होता. हे पेय सिनेमाघराचं नाही, भाई. ते इनासचं आहे. दरवर्षी मी वाळवते ती सोलं तू त्याला नेऊन देतोस.

हे कळलं तेव्हा मी काय केलं ते सांगते. रिकाम्या बाटल्या धुवायच्या राहिल्या होत्या, त्या धुतल्या. सत्तावीस होत्या. मायला काही बोलले नाही.

पण गप्प बसून चालणार नाही, कारण इथे दुसरी गोष्ट झाली आहे. गणपतीनंतर बाबुश आमच्या घरी आला आणि त्यानं मायला विचारलं. मला नाही, तिला. तिची सून आहे, तिनं दिली तर नेईन म्हणाला. दोन दिवसांनी माय मला म्हणाली, सात वर्षं होत आली, इनासच्या नावानं मेलेल्यांची मिसा घालूया आणि तू तुझं बघ. आम्ही पाद्रींकडे गेलो. ते म्हणाले, मेला याला काही पुरावा हवा. त्याला पुरलेलं पाहिलेल्या माणसाचं पत्र आणा. नवरा जिवंत असेल तर दुसरं लग्न मी लावू शकत नाही.

मायनं लगेच तुझं नाव सांगितलं. पेद्रू तिथे जातो, त्याला ठाऊक असेल.

म्हणून सरळ विचारते. तो जिवंत आहे ना? आणि असेल तर तू पाद्रींना काय लिहिणार?

रोझा


मुंबई
१५ डिसेंबर १९५७

प्रिय रोझा,

नाताळच्या शुभेच्छा. यंदा बोटीवर गर्दी फार आहे. सणाच्या दिवशी कुठलाही खेळ असो, लोक शॅम्पेनच मागतात, त्यामुळे माझी सगळी विद्या वाया जाते. या फेरीत एक रडका खेळ होता तरी बाटल्या फुटतच होत्या. एका गृहस्थाला मी पोर्ट सुचवली, तर तो म्हणाला, रडायचं असेल तर घरी रडेन. तुझी आठवण झाली.

हवा थंड आहे. पाठीचं दुखणं कमी आहे. बाकीचं सवडीनं लिहीन.

पेद्रू


मालवण
५ जानेवारी १९५८

भाई,

शॅम्पेनचं पत्र मिळालं. मी ते विचारलं नव्हतं.

१९ फेब्रुवारीला ईस्टरआधीचे उपास सुरू होतात. पाद्री म्हणाले, मिसा घालायची तर त्याआधी घालू. माय रोज पोस्टमनची वाट बघते. तो आमच्या दारावरून पुढे गेला की ती आत येते आणि चुलीपाशी बसते. हे मला बघवत नाही असं मी लिहिणार होते, पण खरं म्हणजे मी बघते. बघून तांदूळ निवडते.

रोझा


मुंबई
४ फेब्रुवारी १९५८

प्रिय रोझा,

या पाकिटात दोन पत्रं आहेत. एक हे, तुझं. दुसरं बंद आहे, त्यावर पाद्रींचं नाव आहे.

इनास जिवंत आहे. चौपन्न साली मला मोंबासाच्या त्या सिनेमाघरात भेटला. तिथेच पेयांचं दुकान चालवतो. तिथल्याच एका बाईबरोबर राहतो, दोन मुलं आहेत. मला बघून रडला आणि म्हणाला, घरी सांगू नकोस. मी त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. मारली नाही. त्यानं पेला भरून दिला आणि मी तो प्यालो. पुढच्या फेरीला सोलं नेली, कारण त्यानं मागितली आणि माझ्याकडे होती. असं करत चार वर्षं गेली.

तुला का सांगितलं नाही ते लिहितो, पटलं तर बघ. मला वाटलं, तो जिवंत आहे हे कळलं तर तू जन्माची अडकलीस. न कळता राहिलं तर कधीतरी लोक तो मेला असं धरून चालतील आणि तू सुटशील. माझ्या तोंडून खोटं निघायला नको आणि तुझंही बरं व्हावं, अशी माझी शहाणपणाची युक्ती. मग त्या पेयाच्या नादात मीच सगळं लिहून बसलो. इतकं छान जुळलं होतं की ते तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

पाद्रींच्या पत्रात मी लिहिलं आहे की इनास एक्कावन्न साली तापानं गेला आणि त्याची कबर मी पाहिली आहे. खाली सही केली आहे. हे पाप माझं, तुझं नाही.

खरं सांगितलंस तर अडकशील, खोटं दिलंस तर सुटशील. कुठलं पत्र दाखवायचं ते तू ठरव.

तुझा अपराधी,
पेद्रू


मालवण
२० एप्रिल १९५८

भाई,

तुझं पाकीट अकरा फेब्रुवारीला आलं. त्यानंतर आज लिहिते आहे.

तुझ्यावर मला राग आला. बऱ्याच वर्षांनी आला, म्हणून ओळखायला जरा वेळ लागला. चार वर्षं तू एकट्यानं ठरवलंस आणि जड झालं तेव्हा पाकिटात घालून माझ्याकडे पाठवलंस. मी दोन्ही पत्रं घेऊन बसले. बंद पाकीट घेऊन सरळ पाद्रींकडे इगर्जीत जायचं, एवढंच करायचं होतं. उंबऱ्यापर्यंत गेलेही. पण माय मागून विचारत होती, पेद्रून काय लिवल्यान गो? तिला वाचता येत नाही. जे मी वाचेन ते तिच्यासाठी खरं होणार होतं. मला ते जमलं नाही. परत आत आले आणि तिला माझ्या नावाचं पत्र वाचून दाखवलं, अगदी पहिल्या ओळीपासून.

ती ऐकत राहिली. मधे एकदा म्हणाली, तो जितो आसा ता परत वाच. मी वाचलं. मग तिनं विचारलं, मुलांना आपली भाषा येते का. पत्रात ते नव्हतं, तसं मी सांगितलं. ती उठली, कोंबड्यांना दाणे टाकून आली, हात धुतले आणि माझ्यासमोर बसली.

"दुसरां पत्र पाद्रीक दी," ती म्हणाली.

मी म्हटलं, माय, तो जिवंत आहे. तुमचा मुलगा आहे.

"माझ्या झिलान तुका सात वर्सां बांधून ठेवल्यान. तेका सोडूक येना. मी सोडतंय." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "पाप पेद्रूचा न्हय, तुझा न्हय. मी आवस, तां माझां."

आई म्हणून ते पाप अंगावर घेऊन ती स्वतः ते पाकीट पाद्रींकडे घेऊन गेली. मला बरोबर येऊ दिलं नाही. फेब्रुवारीच्या सतरा तारखेला मिसा झाली. साऱ्या मालवणात राजरोस वाइन ओतली जाते ती फक्त त्या वेदीवर. त्या दिवशी ती एका जिवंत माणसाच्या नावानं वर उचलली गेली. तुझ्या यादीत याला काय बसतं मला ठाऊक नाही. माय पहिल्या बाकावर ताठ बसली होती. नंतर दारात उभी राहून तिनं सगळ्यांचं सांत्वन घेतलं. कुठे पुरला विचारणाऱ्यांना ती सांगत होती, दूर, दर्यापलीकडे. मी तिच्या बाजूला उभी होते आणि मला काही वाटत नव्हतं. बायका एकमेकींना म्हणाल्या, बिचारी, दुःखानं सुकून गेली.

बाबुशला मी सगळं सांगितलं. खोटं त्याच्या डोक्यावर ठेवून त्याच्या घरी जायचं नव्हतं. तो मशीन पुसत होता, पुसतच राहिला. शेवटी त्यानं विचारलं, मायला ठाऊक आहे का. मी हो म्हटलं. मग झालं, म्हणाला.

ईस्टर झाल्यावर माय म्हणाली, लग्न या घरातून होणार, म्हणजे आधी भिकाऱ्यांचं जेवण घातलं पाहिजे. आपल्याकडे ते टाळत नाहीत हे तुला सांगायला नको. घरातल्या एकेका मेलेल्याच्या नावानं एकेका गरिबाला बसवायचं आणि त्या मेलेल्याला जे आवडायचं ते त्याला वाढायचं. मला वाटलं, माय इनासचं पान वगळेल. मिसा लोकांसाठी होती, पाद्रींसाठी होती. हे जेवण तर घरातलं, इथे कोणाला दाखवायचं होतं?

काल दुपारी ओटीवर पाच जण बसवले. चार पानांवर सासऱ्यांचं, त्यांच्या आईवडिलांचं आणि लहानपणीच गेलेल्या मायच्या मुलीचं नाव घेतलं. पाचव्या पानावर तारकर्लीचा म्हातारा महादू होता. माय त्याच्यासमोर वाकली, तिसऱ्यांचं सुकं वाढलं, वडे वाढले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, ह्यां इनासचां. महादूला कसली कल्पना? तो भुकेला होता, मजेत जेवला. दोनदा भात मागून घेतला. माय त्याच्यासमोरून हलली नाही. त्यानं बोटं चाटली, पाणी प्याला, तेव्हा तिनं पान उचललं आणि आत येऊन मला सांगितलं,

"इनास जेवलो."

तेव्हा मी रडले, भाई. चुलीच्या वैलाशी उभी राहून मोठ्यानं रडले, ओटीवर ऐकू जाईल इतकं. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठीही नाही. तिनं ते खरकटं पान दोन्ही हातांत धरलं होतं आणि ते कुठे ठेवावं हे तिला सुचत नव्हतं. मी ते तिच्या हातातून घेतलं.

लग्न परवा मंगळवारी आहे. तू तेव्हा समुद्रावर असशील. लग्नानंतर माय आमच्याबरोबर राहणार आहे, बाबुशनंच तसं सांगितलं.

मोंबासाला गेलास की इनासला मायचा निरोप दे. तिनं आता बसून मला एकेक शब्द सांगितला, आणि लिहून झाल्यावर मी तो तिला वाचून दाखवला आहे. तेका सांग, हंय तुझां जेवाण घातलां. तू पोटभर जेवलंस. आता येव नको.

रोझा